तीनास एक

सोमवार, ३

इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहितो. आज सकाळी सव्वानऊ वाजता माझ्या बायकोने माझ्या पेचकसाने कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिळला.

पेचकस म्हणजे घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेलं धूड नव्हे. पिवळ्या मुठीचा, टोकाला चुंबक असलेला, बावीस वर्षं माझ्या वरच्या खिशात राहिलेला पेचकस. एवढा काळ माझ्या सहवासात कोणी तक्रार न करता काढला नाही. आता त्याचं टोक म्हाताऱ्याच्या दाढेसारखं झालंय. मी शांतपणे विचारलं, की डोळ्याच्या डॉक्टरांच्या सुरीने कोणी भोपळा चिरतं का? तर म्हणते, "डॉक्टरांना सहा महिने सांगतेय दांडा हलतोय म्हणून. डॉक्टरांना वेळ नाही." राज्यं याहून क्षुल्लक कारणांनी बुडाली आहेत.

हे वहीत लिहितोय, कारण रक्तदाब मोजणाऱ्यांनी सांगितलंय, की तोंडावाटे बाहेर पडतं ते आधी कागदावर काढा. घरातल्यांनी त्यांचा सत्कार करायचा तेवढा बाकी ठेवलाय.

दुपारी दुकानात एक बाई आल्या. साठीच्या, चष्म्याला दोरी, मागे दोन माणसं आणि त्यांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड. प्रेत आणावं तसा आणला. एकसष्ट पट्ट्यांचा, जुना, जड. मुलांच्या नाचाच्या क्लासला त्या वाजवतात, सतरा वर्षं.

"काय होतंय याला?"

"चिकटतंय. आणि मधल्या नऊ पट्ट्या मुक्या झाल्यात. मुली म्हणतात, बाई, याला घाम येतो."

"ठेवून जा. बघू महिन्याभरात."

"सतराला नवी बॅच आहे. तोवर हे नाही आलं तर क्लासवाली मोबाईल लावणार. एकदा मोबाईल लागला की मला कोण बोलावतंय?"

मी गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं म्हणून बोललो, की मोबाईल काय तुमच्यासारखं वाजवणार. तर म्हणाल्या, "माझ्यापेक्षा छान वाजवतो. पण तो थांबत नाही. एक मुलगी आहे, तिचा डावा पाय जरा उशिरा उचलतो. मी तेवढी थांबते. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही."

दुकानातला जादाचा कीबोर्ड देऊ केला. त्यांनी उभ्याउभ्याच वाजवून पाहिला. बोटं थरथरतात त्यांची, आणि आजकालच्या हलक्या पट्ट्यांवर प्रत्येक सूर दोनदा वाजला. "बघितलंत? हलक्या पट्टीवर माझी बोटं तोतरी होतात. त्याच्या पट्ट्यांना वजन आहे, म्हणून निभतंय."

सतरा तारीख कबूल केली. का केली, कळत नाही. पेचकसाच्या दुःखात होतो म्हणून असेल.

मंगळवार, ४

उघडला.

मी आजवर कीबोर्डांच्या पोटातून बिस्किटांचा चुरा, झुरळांची अंडी, कापलेली नखं आणि एकदा चघळून चिकटवलेलं च्युइंगम काढलंय. त्यातून माणसाबद्दल माझं मत बनत गेलं. वरून माणूस सुरांत बोटं फिरवतो आणि खाली त्याचीच नखं साठतात.

पण आज जे पाहिलं त्याला तोड नाही. प्रत्येक पट्टीच्या पोटाला लोखंडाचा एक तुकडा गोंदाने चिकटवलेला असतो. बोटाला वजन जाणवतं ते त्याचं. तो गोंद कधी सुकलाच नाही. वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पातळ होत, थंडीत घट्ट होत खाली उतरत गेलाय. लाल, खोकल्याच्या औषधासारखा. त्याच्या तारा लोंबतायत, त्या तारांना केस, केसांना धूळ, धुळीत एक अख्खी पाल, म्हणजे पालीचं जे उरतं ते. निम्मी वजनं सुटून तळाशी पडलीयत आणि गोंद खालच्या रबरात शिरलाय. हात लावला तर हाताबरोबर सगळं उठून आलं. नंतर दाराची कडी, पाण्याची बाटली, चष्मा, कान. मी जिथे जिथे गेलो तिथे तिथे तो आला.

जेवताना ताट बाजूला सारलं. ही म्हणाली, "असं काय बघितलंत?" सांगितलं. मग तीही जेवली नाही.

बुधवार, ५

हे कुणाचं काम आहे ते ओळखलं.

मॉडेल बघूनच शंका आली होती. हे त्या दहांपैकी एक. बावीस वर्षांपूर्वी एका संगीतशाळेने दहा कीबोर्ड मामांकडे दुरुस्तीला टाकले होते. हे दुकान तेव्हा मामांचं. मी भाचा, आणि माझ्याबरोबर कामाला टाचणी. अंगाने सुतळी, वर एवढं मोठं डोकं, म्हणून टाचणी. तो मला 'छोटे मालक' म्हणायचा. त्याला वाटायचं मला टोमणा कळत नाही.

दहाही कीबोर्डांची वजनं नव्याने चिकटवायची होती. चिकटवली टाचणीने. पुढच्याच उन्हाळ्यात चार परत आले, आत वजनं खुळखुळतायत. संगीतशाळेने बाकीचे दुसरीकडे विकून टाकले आणि मामांशी संबंध तोडले. मामांनी त्याच दिवशी टाचणीला काढलं. मामा कडक पण न्यायाचे. जाताना टाचणी त्यांना काहीतरी सांगत होता, बराच वेळ. मी रेडिओचा आवाज जरा मोठा केला. माणसाची रडारड कुणी ऐकू नये. जाताना त्याने काहीच नेलं नाही. हत्यारंसुद्धा बाकावर टाकून गेला. वस्तूंची कदर नसलेला माणूस. त्याचा पेचकस मी उचलून ठेवला म्हणून आज जगात आहे, म्हणजे कुकरच्या दांड्याला लागेपर्यंत होता.

राग याचा, की गोंद कालवायचं काम मी किती काटेकोर करायचो! हा गोंद दोन नळ्यांचा. एकीत राळ, दुसरीत ती सुकवून कडक करणारा हार्डनर. हार्डनरची नळी महाग. नळीवर 'दोन्ही समान घ्या' छापलेलं असतं. कंपन्यांना माल खपवायचा असतो. मी तीनास एक असं प्रमाण बसवलं होतं. एका नळीत तीन नळ्यांचं काम. मामा चारचौघांत पाठ थोपटून म्हणाले होते, "भाच्याला धंद्याची नजर आहे." अशा निगुतीने मी कालवून दिलेला गोंद त्या गाढवाने असा फासला!

शुक्रवार, ७

दोन दिवस एकसष्ट पट्ट्या न्हाणीघरात. गरम पाणी, साबण, मग स्पिरिट, मग ब्रश, मग पुन्हा पाणी. एका पट्टीला वीस मिनिटं. गोंद सुटत नाही, फक्त जागा बदलतो. बादलीतलं पाणी असं झालंय की डॉक्टरांनी बघितलं तर मला दाखल करतील.

घासायला पेल्यातला दातांचा जुना ब्रश घेतला. तो जुना नव्हता.

"अहो! हा माझा ब्रश आहे."

"मला वाटलं टाकायचा आहे."

"मी अजून वापरतेय तो. माझ्यासारखाच दिसतोय, म्हणून टाकायचा वाटला असेल."

नवा ब्रश आणून दिला. घरभर स्पिरिटचा वास आणि शेजारणीने हिला हळूच विचारलं, की यांनी पुन्हा सुरू केली का. मी आयुष्यात घेतलेली नाही. ही म्हणाली, "मी नुसता सुस्कारा सोडला." बायकांचं एकमेकींवर किती प्रेम असतं.

मनातल्या मनात टाचणीला दर पट्टीमागे एक शिवी दिली. अडतिसाव्या पट्टीला साठा संपला, मग पहिल्यापासून सुरू केलं.

रविवार, ९

नवीन संकट. पट्ट्यांखालच्या रबरात कार्बनच्या छोट्या टिकल्या असतात. पट्टी दाबली की टिकली टेकते आणि सूर निघतो. गोंदाने नऊ टिकल्या खाऊन टाकल्यात. या मॉडेलचं रबर आता बाजारात मिळत नाही. टीव्हीच्या रिमोटच्या बटणांखाली मात्र अगदी अशाच टिकल्या असतात, आणि रिमोट दुरुस्त करणारा या भागात एकच आहे. टाचणी.

बसथांब्यामागे जिन्याखाली त्याची टपरी आहे. मी रोज त्याच रस्त्याने जातो, पण पलीकडच्या फुटपाथवरून. सकाळी तिकडे सावली असते. संध्याकाळीही असते.

आज अलीकडून गेलो. भिंतभर खिळ्यांना रिमोट टांगलेले, मधे तो. टाचणी आता टाचणी राहिलेला नाही, मूठभर पोट सुटलंय. डोकं मात्र तेवढंच.

"या छोटे मालक." बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"कार्बनच्या टिकल्या आहेत?"

"रिमोट बिघडला?"

"कीबोर्ड आहे. त्या दहातला एक."

त्याच्या हातातलं काम थांबलं. "वजनं सुटली?"

"सुटली, वाहिली, बरबटली. चार दिवस तुझं पाप धुतोय मी."

मला वाटलं खाली बघेल. त्याने वरच्या खणातून डबी काढली. "किती?"

"नऊ."

बारा मोजून दिल्या. "तीन पडतात हातातून. तुझ्या तरी." मग सहज विचारावं तसं, "आतली चिठ्ठी बघितलीस?"

"कसली चिठ्ठी?"

"विसरलास? मामांचा नियम होता. गोंद कालवला की कालवणाऱ्याने चिठ्ठी लिहायची. मी ती झाकणाच्या आत डकवायचो."

"गोंदाखाली चिठ्ठी काय, पालसुद्धा ओळखू येत नाही."

"मग पूस," म्हणाला.

उद्धट तो उद्धटच. आणि बोलताना सारखी नजर माझ्या वरच्या खिशाकडे. खिशात पाकीट होतं, मी त्यावर हात ठेवला. अशा माणसांचं काही सांगता येत नाही.

सोमवार, १०

नऊ टिकल्या बसल्या. तीन हातातून पडल्या. एक अजून सापडलेली नाही.

बुधवार, १२

झाकण पुसलं.

चिठ्ठी आहे. लाल थराखाली, डाव्या कोपऱ्यात. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर आधी तारीख दिसली, मग पेन्सिलीने लिहिलेलं 'गोंद ३:१'. शेपटी लांब ओढलेला तीन.

हस्ताक्षर कुणाचंही असू शकतं. लांब शेपटीचा तीन पुष्कळ लोक काढतात.

खाली माझी सही आहे. सहीखाली 'बचत', आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह.

दुकान लवकर बंद केलं.

गुरुवार, १३

आज लिहिण्यासारखं काही नाही.

एक प्रयोग केला, तेवढा लिहितो. त्याच कंपनीचा गोंद आणला. एका पत्र्याच्या झाकणात समान कालवला, दुसऱ्यात तीनास एक. उन्हात ठेवले. दुपारी पहिल्यावर नख वाजत होतं. दुसऱ्यात बोट बुडालं आणि बोटाबरोबर तार आली. बोट किती वेळ धूत होतो कोण जाणे. सगळ्या कीबोर्डाची मिळून आली नव्हती एवढी किळस त्या एका बोटाची आली.

संध्याकाळी ही म्हणाली, "आज कुणाला नावं ठेवली नाहीत. बरं वाटत नाहीये का?"

म्हटलं, रक्तदाब उतरलाय.

"मग तोंड असं का? बादलीत पडल्यासारखं?"

शुक्रवार, १४

सकाळपासून वजनं चिकटवतोय. गोंद समान. दोनदा मोजून. मामांची वजनकाट्याची डबी माळ्यावरून काढली. मामा गेले त्याला नऊ वर्षं झाली, दुकान माझ्या नावावर करून गेले. मामांनी ती चिठ्ठी बघितली नसेल असं मी काल दिवसभर स्वतःला सांगत होतो. परत आलेले चार कीबोर्ड त्यांनी स्वतः उघडले होते. मी रेडिओ मोठा केला तेव्हा ते उघडलेल्या झाकणावरच हात ठेवून उभे होते.

एका पट्टीला दोन चिमटे लागतात, चोवीस तास दाबून ठेवायचं. दुकानातले चिमटे पुरले नाहीत, म्हणून दोरीवरचे सगळे काढून आणले. घरात ओले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, माझ्या आरामखुर्चीवर हिची चादर. 

चार वाजता बाई आल्या. चिमटे लावलेल्या पट्ट्यांच्या रांगा बघून म्हणाल्या, "वाळत घातलंय होय?" मग एक पट्टी उचलायला गेल्या.

"हात लावू नका!"

"बरं, बरं. आधी कुणी केलं होतं हे असलं काम?"

सोमवारी विचारलं असतं तर पाऊण तास बोललो असतो. आज म्हटलं, "होतं एक गाढव."

"ओळखीचं?"

"घरचंच."

त्या हसल्या. त्यांना विनोद वाटला. जाताना म्हणाल्या, की क्लासवालीने कालच मोठा स्पीकर आणलाय. अजून खोक्यात आहे.

शनिवार, १५

तेरा पट्ट्या राहिल्या होत्या आणि हार्डनर संपला. रस्त्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे राळेच्या नळ्या ढिगाने, हार्डनर नाही. "सोमवारी दुपारी गाडी येईल," म्हणतो. सोमवारी सकाळी आठला क्लास.

उरलेल्या हार्डनरमध्ये तेरा पट्ट्या होत होत्या. तीनास एक कालवला असता तर. हात सराईत आहे. आज लागलं असतं, सोमवारी वाजलं असतं, पहिला उन्हाळा येईपर्यंत बाई मला दुवा देत बसल्या असत्या. आणि नंतर कुणी काही विचारलं असतं तर पुन्हा टाचणी आहेच जिन्याखाली, त्याला सवय आहे.

हा विचार माझ्या डोक्यात आला, पूर्ण आला, आणि मी नळीचं टोपणही उघडलं. हे लिहून ठेवतो, कारण वहीत खोटं लिहून रक्तदाब उतरत नाही.

टोपण लावलं. तीन बस बदलून गावाच्या त्या टोकाला गेलो. चौथ्या दुकानात हार्डनर मिळाला. परतताना बसमध्ये शेजारच्याने नाक मुरडून विचारलं, "कसला वास हो?" म्हटलं, बावीस वर्षांपूर्वीचा आहे. तो उठून दुसरीकडे बसला.

तेरा पट्ट्या सहा वाजता चिकटवल्या.

रविवार, १६

सहा वाजेपर्यंत कशालाही हात लावला नाही. चोवीस तास म्हणजे चोवीस. समोर बसून राहिलो. आयुष्यात मला कशाचीही इतकी घाई झाली नव्हती.

सहाला चिमटे काढले, जुळणी केली. दर स्क्रूला पेचकसाचं टोक घसरत होतं. वाजवून पाहिला. सगळ्या एकसष्ट बोलतात. झाकणात नवी चिठ्ठी डकवली : तारीख, 'गोंद १:१', सही. जुनी सोलून काढली होती, ती वहीत ठेवली आहे. चिकट आहे अजून. कालचं आणि आजचं पान एकमेकांना चिकटलंय.

चिमटे हिला परत दिले. "मोजून घे," म्हटलं. तिने खरोखर मोजले. मग विचारलं, "कुणाचं काय घेतलंयत?" मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती कपडे दोरीवर घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि तो पेचकस?"

"तो त्याचाच."

ती बराच वेळ एकच टॉवेल झटकत राहिली. मग आत गेली आणि पुन्हा हलायला लागलेला कुकरचा दांडा घट्ट करायला म्हणून कपाटाआडून एक जुना पेचकस शोधून आणला. मी दांडा घट्ट केला. सहा महिन्यांचं काम, अर्ध्या मिनिटात झालं.

सोमवार, १७

पावणेआठला कीबोर्ड क्लासमध्ये पोचवला, दुसऱ्या मजल्यावर, एका हमालाने आणि मी मिळून. कंबर आता माझी राहिलेली नाही. खोलीत घामाचा आणि मोज्यांचा वास, भिंतभर आरसा, आरशावर नाकांचे ठसे. स्पीकर खोक्यातून बाहेर आलेला, क्लासवालीच्या हातात मोबाईल.

"पुन्हा बंद नाही ना पडणार हे?" तिने मला विचारलं. बाईंना नाही.

"माझ्याकडून नाही," म्हटलं.

बाई बसल्या. बोटं थरथरत होती, सूर थरथरला नाही. मुली दोन रांगांत. तिसरी ओळ सुरू झाली तेव्हा मला कळलं कोणती मुलगी ती. मागच्या रांगेत, वेणी सुटलेली. तिचा डावा पाय उशिरा उचलला. सूर तेवढा थांबला. खरोखर कुणाला कळलं नाही. क्लासवालीने मोबाईल पर्समध्ये टाकला, मग पुन्हा काढून वेळ बघितली. आज एवढंच पदरात पडलं. उद्याचं बाई जाणोत.

उतरताना बाई दारापर्यंत आल्या आणि मजुरी विचारली. म्हटलं, आधीच मिळालेली आहे.

तिथून बसथांब्यावर, अलीकडच्या फुटपाथने. ऊन होतं.

टाचणी एका रिमोटचं पोट उघडून बसला होता. "वाजला?"

"वाजला."

पेचकस समोर ठेवला, त्या जुन्या चिठ्ठीत गुंडाळून. चिठ्ठी सोडवताना त्याच्या बोटाला लाल तार आली. त्याने ती पुसली नाही. वाचली. शेवटच्या शब्दाशी आणि त्यापुढच्या उद्गारचिन्हाशी जरा जास्त वेळ थांबला.

मी काहीतरी ठरवून आलो होतो. अडतीस पट्ट्यांना पुरतील एवढ्या शिव्या पाठ असतात, पण ते एक वाक्य जमेना. म्हटलं, "मामांना कळलं असतं तर..."

"मी सांगितलं होतं ना मामांना," तो म्हणाला. "हार्डनर कमी पडतोय, चिठ्ठ्या बघा म्हणून. तू तिथंच उभा होतास."

"हो," मी म्हटलं. "उभा होतो."

एक गिऱ्हाईक आलं, रिमोट दिला, गेलं.

त्याने पेचकस उजेडाकडे धरला, पिवळ्या मुठीवर अंगठा फिरवला, टोक बघितलं. "हे काय केलंस?"

"बायकोने. कुकरला."

"घासून घ्यावं लागेल," म्हणाला, आणि बसल्या जागी खालून कानस ओढून घासायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग दुकान उघडायचं होतं, म्हणून निघालो.